चार शहरं की चौदा? सिव्हिलायझेशनमध्ये राज्य किती पसरावं

सिव्हिलायझेशन हा शहरं वसवून राज्य वाढवायचा संगणकावरचा खेळ, पाळीपाळीनं म्हणजे टर्नांनी चालणारा. त्याचा पाचवा भाग मी मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपवर शिकले. पहिल्याच डावात ऐंशीव्या टर्नला माझी नऊ शहरं झाली होती आणि मी भलतीच खुशीत होते. तो मागून डोकावला आणि म्हणाला, "ताई, तू राज्य करतेयस की गुंठेवारीत प्लॉट गोळा करतेयस?" स्क्रीनवर वरच्या पट्टीत लाल चेहरा दिसत होता, त्याच्यापुढे उणे अकरा. त्याचा अर्थ मला दोन टर्नांनी कळला. ज्या शहराचं नाव मी हौसेनं बदलून नाशिक ठेवलं होतं, त्याच्या वेशीवर बंडखोर येऊन उभे राहिले. बाहेरून कुणी चालून आलं नव्हतं, राज्य आतूनच पेटलं होतं.

मग २०२० च्या मे महिन्यात एपिक कंपनीच्या ऑनलाइन दुकानात याच खेळाचा सहावा भाग, म्हणजे सिव्ह सहा, आठवडाभर फुकट मिळाला. या वेळी मी शहाणी झाले होते. चारच शहरं वसवली, ती नीट वाढवली, सजवली. दीडशेव्या टर्नला पाहते तर शेजारी माझ्या दुप्पट विज्ञान काढत होता, आणि त्याची निम्मी शहरं माझ्या एका गल्लीएवढी होती.

दोन डाव, दोन उलट चुका. दोन्हीचं कारण मात्र एकच: एका खेळातली अक्कल मी दुसऱ्यात वापरली होती. तुमची ती दोन-तीनशे टर्नांची पायपीट वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

शब्दांचं आधी सांगते. थोडी शहरं, पण प्रत्येक मोठं, अशा राज्याला खेळाडू 'टॉल' म्हणतात. पुष्कळ शहरं, बहुतेक लहान, त्याला 'वाइड'. मी खाली आटोपशीर आणि पसरट म्हणणार आहे, कारण दुसऱ्या शब्दातला हलकासा टोमणा मला आवडतो.

बसण्याआधी जवळ काय हवं

१. तुमच्या खेळाची नेमकी आवृत्ती. सिव्ह पाच २०१० चा. त्याची गॉड्स अँड किंग्ज (२०१२) आणि ब्रेव्ह न्यू वर्ल्ड (२०१३) हे विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायचे वेगळे भाग, तुमच्याकडे आहेत का ते पाहा. सिव्ह सहा २०१६ चा, त्यावर राइज अँड फॉल (२०१८) आणि गॅदरिंग स्टॉर्म (२०१९). हे का महत्त्वाचं? सिव्ह सहामध्ये शहरांची निष्ठा, म्हणजे लॉयल्टी, आणि गव्हर्नर हे राइज अँड फॉलपासून आले. तुमच्याकडे नुसता मूळ खेळ असेल तर लॉयल्टीबद्दलचे सगळे सल्ले तुमच्यासाठी फोल आहेत.

२. टाइलवरच्या, म्हणजे नकाशातल्या एकेका घरावरच्या, उत्पन्नाची चिन्हं चालू करा. ती बंद ठेवून शहराची जागा निवडणं म्हणजे विहीर न बघता शेत विकत घेणं.

३. सिव्ह सहामध्ये नकाशावर पिना टोचता येतात. पुढची पाच-सहा शहरं कुठे येतील हे आधीच टोचून ठेवा.

४. एक कागद आणि पेन. हसू नका, दुसऱ्या पायरीत लागणार आहे.

५. दर वीस टर्नांनी स्वतः केलेली सेव्ह. ऑटोसेव्हवर विसंबू नका, त्या जुन्या होतील तशा पुसल्या जातात.

६. अवघडपणा 'प्रिन्स'वर, वेग आणि नकाशा दोन्ही 'स्टँडर्ड'. खालचे आकडे याच मांडणीचे आहेत.

पायरी १: पुढच्या शहराची किंमत कशात मोजतात ते शोधा

"आटोपशीर चांगलं की पसरट?" या प्रश्नाला उत्तर नाही. "या खेळात पुढच्या शहरासाठी मला काय मोजावं लागतं?" या प्रश्नाला आहे, आणि ते प्रत्येक खेळात वेगळं आहे.

या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत खेळाडूंनी एक युक्ती शोधली होती: शहरांना जेमतेम जागा सोडायची आणि जमीन संपेपर्यंत शहरामागून शहर वसवत सुटायचं. तिथपासून रचनाकार या पसाऱ्याला लगाम घालत आले आहेत. सिव्ह तीनमध्ये राजधानीपासून लांब गेलं की भ्रष्टाचार शहराचं उत्पन्न खाऊन टाकायचा. सिव्ह चारमध्ये प्रत्येक शहराचा देखभाल खर्च तिजोरीतून जायचा, भरमसाट वसवलीत की दिवाळं. सिव्ह पाचमध्ये लगाम लोकांच्या खुशीचा आहे. सिव्ह सहामध्ये तो बराच सैल सोडला. २०२५ च्या सिव्ह सातमध्ये वस्त्यांची सरळ मर्यादाच ठरवून दिली आहे. ती ओलांडली की लोकांची खुशी घटते. नवी वस्ती तिथे आधी गाव म्हणूनच सुरू होते, सोनं मोजून तिचं शहर करायचं की गावच ठेवायचं हे तुम्ही ठरवता.

म्हणून कुठलाही सल्ला ऐकताना पहिला प्रश्न हाच: हा कुठल्या खेळाचा, आणि विस्तारांसकट की त्याविना? "चार शहरांच्या पुढे जाऊ नका" हे वाक्य ब्रेव्ह न्यू वर्ल्डसाठी सोन्यासारखं आहे. तेच सिव्ह सहामध्ये पाळलंत तर माझं झालं ते तुमचं होईल.

पायरी २: सिव्ह पाच असेल तर कागद घ्या

सिव्ह पाचमध्ये खुशी साऱ्या राज्याची मिळून एकच मोजतात. प्रत्येक शहर असण्याची ३ नाखुशी आणि प्रत्येक नागरिकामागे १. आता दोन राज्यं मांडा, दोन्हींची लोकसंख्या ३२.

पहिलं: चार शहरं, प्रत्येकी आठ नागरिक. शहरांची नाखुशी १२, माणसांची ३२, एकूण ४४.

दुसरं: आठ शहरं, प्रत्येकी चार नागरिक. शहरांची २४, माणसांची ३२, एकूण ५६.

माणसं तेवढीच, नाखुशी १२ ने जास्त. लक्झरीचा प्रत्येक नवा प्रकार, म्हणजे रेशीम, मसाले, हस्तिदंत वगैरे, ४ खुशी देतो. थोडक्यात, त्या जादा चार शहरांनी मिळून तीन नव्या लक्झरी आणल्या नाहीत तर ती पोसायला महाग आहेत. इथे नवखे हमखास फसतात: एकाच लक्झरीच्या तीन खाणी असल्या तरी खुशी एकदाच मिळते. उरलेल्या दोन शेजाऱ्याला द्या आणि त्याच्याकडची वेगळी घ्या.

खुशी शून्याखाली गेली की शहरांची वाढ चौथाईवर येते. उणे दहाला पोचली की नवे सेटलर, म्हणजे नवं शहर वसवायला निघणारी माणसं, बनवता येत नाहीत आणि बंडखोर उगवतात. माझं नाशिक तिथेच पेटलं.

हिशेब इथे संपत नाही. ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्ये दर नव्या शहरामागे प्रत्येक तंत्रज्ञान ५ टक्क्यांनी महागतं आणि सामाजिक धोरणं साधारण १० टक्क्यांनी. नॅशनल कॉलेज ही सुरुवातीच्या काळातली सर्वांत कामाची इमारत, राजधानीचं विज्ञान दीडपट करणारी. पण ती बांधायला तुमच्या प्रत्येक शहरात लायब्ररी असावी लागते. पाचवं शहर वसवलंत, तिथे लायब्ररी नाही, की कॉलेज अडलं. बरं, ते शहर राजधानीला जोडायला सहा टाइलांचा रस्ता केलात तर दर टाइलला दर टर्नला एक सोनं. दोन नागरिकांचं शहर सहा सोनं कुठून कमावणार?

आता धोरणं. 'ट्रॅडिशन' हा धोरणवृक्ष आटोपशीर राज्यासाठीच घडवल्यासारखा आहे. त्यातलं लीगॅलिझम पहिल्या चार शहरांना संस्कृतीची इमारत फुकट देतं आणि झाड पूर्ण केलं की पहिल्या चार शहरांना पाण्याचे कालवेही फुकट. 'चार शहरं' हा आकडा इथूनच आला, कुणा गुरूच्या तोंडून पडलेला नाही. 'लिबर्टी' पसरणाऱ्यांसाठी: त्यात एक सेटलर आणि एक कामगार फुकट मिळतो, आणि राजधानीला जोडलेल्या प्रत्येक शहरामागे खुशी मिळते. नवख्यानं आधी ट्रॅडिशन पूर्ण करावं, हे माझं ठाम मत. लिबर्टी वाईट नाही, पण खुशीचा हिशेब डोक्यात बसल्याशिवाय ती घेतलीत तर त्रास होतो.

भारत घेऊन खेळायचा मोह आपल्याला होतोच, तर त्याचंही गणित मांडते. सिव्ह पाचमधल्या गांधींच्या भारताला शहरांची नाखुशी दुप्पट आणि माणसांची निम्मी. वरचीच दोन राज्यं: चार शहरांना २४ अधिक १६, म्हणजे ४०. आठ शहरांना ४८ अधिक १६, म्हणजे ६४. आठ शहरांच्या भारताला तीन नव्हे, सहा लक्झरी जास्त लागतील. आणि मी नऊ वसवली होती.

पायरी ३: सिव्ह सहा असेल तर हात आखडू नका

सिव्ह सहामध्ये राज्याची एकत्र खुशी नाही. प्रत्येक शहराचं सुख, म्हणजे अ‍ॅमेनिटी, त्या शहरापुरतं. दर दोन नागरिकांमागे एक अ‍ॅमेनिटी लागते, आणि एक लक्झरी चार शहरांना प्रत्येकी एक पुरवते. तंत्रज्ञान शहरांच्या संख्येनं महागत नाही. रस्ते व्यापारी तांडे आपोआप पाडतात आणि त्यांना देखभाल खर्च नाही. म्हणजे पाचव्या भागातले बहुतेक लगाम इथे काढलेलेच आहेत.

त्यात डिस्ट्रिक्टची भर. डिस्ट्रिक्ट म्हणजे शहराजवळ वेगळ्या टाइलवर बांधायचा एका कामाचा विभाग, आणि विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट म्हणजे कॅम्पस. शहराला एक नागरिक असताना एक डिस्ट्रिक्ट बांधता येतो, चौथ्या नागरिकाला दुसरा, सातव्याला तिसरा, दहाव्याला चौथा. एका शहरात कॅम्पस एकच. आणि कॅम्पस किती विज्ञान देईल हे मुख्यतः शेजारच्या डोंगरांवर ठरतं, शहरात माणसं किती यावर नाही. चार माणसांच्या शहरातला डोंगरालगतचा कॅम्पस आणि पंधरा माणसांच्या शहरातला तसाच कॅम्पस, दोघांचं उत्पन्न सारखं.

समजा डोंगरांमुळे प्रत्येक कॅम्पस ३ विज्ञान देतो, लायब्ररी २ आणि विद्यापीठ ४. शहरामागे ९. चार शहरांचे ३६, दहा शहरांचे ९०. चार शहरांतली माणसं कितीही वाढवलीत तरी ही दरी बुजवणं जड जातं, कारण शहर मोठं होईल तसं पुढच्या एका माणसासाठी लागणारं धान्यही वाढत जातं. आठाचे नऊ करायला जेवढं लागतं तेवढ्यात लहान शहरात दोघं-तिघं जन्माला येतात.

इथे लगाम मुख्यतः किमतीत आहे, आणि तो काळाबरोबर आवळत जातो. पहिल्या सेटलरला ८० उत्पादन लागतं, नंतरच्या प्रत्येकाला आधीच्यापेक्षा ३० जास्त: ११०, १४०, १७०. शिवाय सेटलर निघाला की शहरातला एक नागरिक कमी होतो. डिस्ट्रिक्टची किंमतही तुम्ही जितकी तंत्रज्ञानं आणि नागरी सुधारणा शोधाल तितकी चढत जाते. म्हणजे हीच जमीन चाळिसाव्या टर्नला स्वस्त आणि दोनशेव्या टर्नला न परवडणारी. पसरायचं तर लवकर पसरा.

तीन गोष्टी यात मदत करतात. अर्ली एम्पायर ही नागरी सुधारणा झाली की कॉलनायझेशन या धोरणाचं कार्ड मिळतं, ते सेटलरचं काम निम्म्यानं वाढवतं. विस्तार असेल तर मॅग्नस या गव्हर्नरची प्रोव्हिजन ही बढती घ्या, म्हणजे त्याच्या शहरातून सेटलर निघताना माणूस कमी होत नाही. आणि डिस्ट्रिक्टची किंमत तो नकाशावर मांडल्या क्षणी गोठते. म्हणून नवं शहर वसवलं की परवानगी असेल तो डिस्ट्रिक्ट लगेच मांडून ठेवा, बांधायला सवड मिळेल तेव्हा बांधा. फक्त त्या टाइलवर जंगल असेल तर ते जातं, हे मांडण्याआधी बघा.

एक बारकावा उशिरा कळतो. दोन शहरांच्या मध्ये निदान तीन टाइल सोडाव्या लागतात आणि प्रत्येक शहर तीन टाइलांच्या परिघात काम करतं. म्हणजे शहरं एकमेकांत थोडी घुसली तरी चालतात. नवखे प्रत्येक शहराला पूर्ण परीघ मोकळा सोडतात, पाच नागरिकांच्या शहराला छत्तीस टाइल. एवढ्या टाइलांवर काम करायला माणसं येणार कुठून? दाटीनं वसवा. कारखाना आणि करमणुकीच्या काही इमारतींचा फायदा सहा टाइलांपर्यंत पोचतो, तोही दाट वस्तीत जास्त शहरांना मिळतो. शहरं पुष्कळ पण जमीन थोडी, असं राज्य संख्येनं पसरट आणि आकारानं आटोपशीर असतं. मला विचाराल तर नवख्याला हेच सर्वांत सोयीचं, कारण राखायला सीमा कमी.

पायरी ४: पहिल्या चाळीस टर्नांत जमीन वाचा

हेतू काहीही असो, शेवटी निकाल जमीन देते. दोन स्काउट, म्हणजे टेहळे, सोडा आणि कागदावर चार गोष्टी लिहा.

गोडं पाणी कुठे आहे? सिव्ह सहामध्ये नदी किंवा तळ्याकाठच्या शहराला सुरुवातीला ५ घरांची सोय मिळते, नुसत्या समुद्रकाठी ३, आणि दोन्ही नसेल तर २. घरांच्या मर्यादेच्या एक अलीकडे पोचलात की वाढ निम्म्यावर येते. सेटलर निवडला की नकाशा रंगतो: गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, फिकट हिरवं म्हणजे किनारा, राखाडी म्हणजे कोरडं, लाल म्हणजे वसवता येणार नाही. राखाडीवर वसवू नका असं नाही, पण तिथे कालव्याशिवाय मोठं शहर व्हायचं नाही हे धरून चला. भारताला तिथे बारव बांधता येते, खेळात ती स्टेपवेल नावानं आहे. धान्यही देते आणि घरंही. कोरड्या जमिनीवर भारत घेऊन खेळताना माझी मदार तिच्यावरच असते, आणि साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर पाहिलेल्या माणसाला ते चित्र स्क्रीनवर पाहून बरंही वाटतं.

लक्झरी किती प्रकारच्या? प्रकार मोजा, नग नाही.

शेजारी किती लांब? पंधरा टाइलांच्या आत दोन शेजारी असतील तर पसरायला जागाच नाही. अशा वेळी एक तर आटोपशीर राहा किंवा लवकर तलवार उपसा.

मोक्याच्या खिंडी कुठे? डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद जागी एक शहर बसवलंत की मागची सगळी जमीन सावकाश भरता येते. आधी तोंड बंद करा, मग पोट भरा.

इथला सापळा म्हणजे अटकेपार झेंडा लावायची हौस. राइज अँड फॉलपासून नऊ टाइलांच्या आतल्या सगळ्या शहरांची लोकसंख्या एकमेकांवर लॉयल्टीचा दाब टाकते. मी एकदा रोमच्या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, हिऱ्यांच्या मोहानं, एक शहर वसवलं. लॉयल्टी दर टर्नला उणे सतरा. शंभरातून सतरा वजा करत जा: सहाव्या टर्नला ते स्वतंत्र झालं, आणि थोड्याच टर्नांनी रोममध्ये सामील. म्हणजे मी १७० उत्पादन खर्चून रोमला एक शहर भेट दिलं. गव्हर्नर बसवला की ८ मिळतात, पण उणे सतरापुढे आठ कितीसे? सेटलर निवडल्यावर संभाव्य लॉयल्टी नकाशावर दिसते. मी ती पाहिली होती. "बघू, पुढे सावरेल" म्हणाले होते.

आणि सेटलर एकटा पाठवू नका. बर्बरांनी, म्हणजे कुठल्याच राज्याच्या नसलेल्या लुटारूंनी, उचलला की गेला. सोबत एक योद्धा हवाच.

पायरी ५: नेता निवडताना

आटोपशीर खेळ शिकायला सिव्ह पाचमधला भारत चांगला, कारण तो चुकीची शिक्षा लगेच देतो. व्हेनिस मात्र पहिल्या डावाला घेऊ नका. त्याला नवी शहरं वसवताच येत नाहीत, त्या बदल्यात व्यापारी मार्ग दुप्पट मिळतात. आटोपशीरपणाची ती परिसीमा आहे आणि खेळायला मजेशीर, पण बाकी खेळ कळल्यावर.

सिव्ह सहामध्ये पसरायला शिकायचं तर ट्रेजनचा रोम. मूळ खेळातच आहे. प्रत्येक नव्या शहरात स्मारक फुकट उभं राहतं आणि राजधानीकडे रस्ता आपोआप होतो. नवं शहर पहिल्या टर्नपासून संस्कृती देऊ लागतं, म्हणजे सीमाही लवकर वाढते.

वर सांगितलेल्या दाट वस्तीची चटक लागली तर माया संस्कृती घ्या, ती वेगळी विकत घ्यावी लागते. तिच्या राजधानीपासून सहा टाइलांच्या आतल्या शहरांना सगळ्या उत्पन्नावर १० टक्के जास्त, त्याबाहेर १५ टक्के कमी. खेळ स्वतःच जणू परकार हातात देतो.

पायरी ६: सेटलर थांबवायचे कधी

सिव्ह पाचमध्ये सोपं आहे. चौथं शहर वसलं की थांबा. पाचवं फक्त तेव्हा, जेव्हा त्याच्या परिघात तुमच्याकडे नसलेली लक्झरी असेल आणि खुशी निदान पाच-सहा शिल्लक असेल.

सिव्ह सहामध्ये जाणकार मंडळी शंभराव्या टर्नपर्यंत दहा शहरं असं माप सांगतात. पहिल्याच डावात ते जमत नाही, सात-आठ झाली तरी पुरे. त्यानंतर मी स्वतःला एकच विचारते: इथे पहिला डिस्ट्रिक्ट किती टर्नांत उभा राहील? पंधरा-वीस असतील तर वसवते. चाळीस असतील तर नाही, अपवाद फक्त तेल किंवा युरेनियमसारख्या साठ्याचा.

तुमच्या वेळेचाही विचार करा. चौदा शहरांच्या राज्यात मध्यावर एक टर्न चार-पाच मिनिटं खातो. रात्री जेवणं आटोपून दोन तास मिळणाऱ्या माणसाचा डाव मग महिनाभर चालतो, आणि परत उघडल्यावर कुठलं शहर काय बांधत होतं तेही आठवत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी कामाच्या दिवसांत सिव्ह पाच आटोपशीर खेळते आणि पसरट डाव दिवाळीच्या सुट्टीला ठेवते.

पायरी ७: जिंकलेली शहरं

सिव्ह पाचमध्ये जिंकलेलं शहर शक्यतो पपेट ठेवा. त्यामुळे धोरणं महागत नाहीत. तिथे काय बांधायचं ते खेळ ठरवतो, बहुतेकदा विचित्रच ठरवतो, ते सोसा. ताबडतोब सामील करून घेतलंत तर कोर्टहाउस होईपर्यंत जादा नाखुशी. नाखुशीनं घायकुतीला आला असाल तर लहान शहर जाळूनही टाकता येतं. सिव्ह सहामध्ये जिंकलेली शहरं बहुधा ठेवावीत, त्यांत तयार डिस्ट्रिक्ट असतात. फक्त एकेक तोडण्याऐवजी लगतची दोन-तीन पाठोपाठ घ्या, म्हणजे शत्रूचा लॉयल्टीचा दाब उतरतो.

पायरी ८: दुसऱ्या खेळात गेलात तर

पहिलाच प्रश्न पुन्हा विचारा. स्टेलारिस या अंतराळातल्या साम्राज्यांच्या खेळात किंमत 'एम्पायर साइझ'मध्ये मोजतात. तारामंडळं, वसाहती, लोकसंख्या सगळं त्यात धरलं जातं, आणि शंभराच्या वर गेलं की संशोधन आणि परंपरा महागतात. युरोपा युनिव्हर्सलिस चार या इतिहासातल्या राज्यांच्या खेळात डाव ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. तेव्हा दख्खनमध्ये बहमनी आहेत, मराठे नकाशावर नाहीत, पण पुढे मराठा राज्य घडवता येतं. ते घडवायच्या घाईत प्रांत भराभर गिळलेत तर 'ओव्हरएक्स्टेन्शन' शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि एकामागून एक वाईट घटना सुरू होतात. तिथे घेतलेले प्रांत पचवून मगच पुढचं युद्ध. वाट पाहताना राजाचे पॉइंट खर्चून हातातल्या प्रांतांचा विकास करता येतो, तोच तिथला आटोपशीर मार्ग.

पहिले दोन डाव असे खेळा

डाव एक, सिव्ह पाच: भारत, ट्रॅडिशन, चार शहरं, प्रत्येक नदीकाठी. तिसऱ्या शहरानंतर लगेच सगळीकडे लायब्ररी, मग राजधानीत नॅशनल कॉलेज. वरच्या पट्टीतला चेहरा दर पाच टर्नांनी पाहा.

डाव दोन, सिव्ह सहा: रोम. स्काउट, योद्धा, सेटलर, पुन्हा सेटलर. कॉलनायझेशनचं कार्ड मिळताच आणखी तीन. शहरं चार-पाच टाइलांच्या अंतरावर, प्रत्येकात पहिला डिस्ट्रिक्ट वसवल्या टर्नलाच मांडलेला.

दोन्हीकडे शंभराव्या टर्नला सेव्ह करा आणि तीन आकडे कागदावर टिपा: शहरं, एकूण लोकसंख्या, दर टर्नचं विज्ञान. माझा तो कागद अजून लॅपटॉपच्या बॅगेत आहे. पाठीमागे मावसभावाच्या अक्षरात त्याचे आकडे आहेत, माझ्यापेक्षा जास्त.